शुभेच्छुकाचा नुसता खांदा

शिवजयंती दोन दिवसांवर आली होती. सकाळी साडेसातला कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानातून फोन आला, "ये बघू जरा इकडं. तुझ्या साइटनं घोळ घातलाय." गेलो. शटर अर्धं वर, आत शाईचा तो ओळखीचा वास, जमिनीवर पसरलेला पंधरा बाय दहाचा बोर्ड आणि त्याच्या कडेला उभा असलेला चौकटीच्या शर्टातला एक पोरगा. तो मालकांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता, "बाकी तेवीस जणांची तोंडं हायत. माझा नुसता खांदा का?"

खरंच होतं. बोर्डाच्या तळाला शुभेच्छुकांची पट्टी होती, चोवीस गोलांची. तेवीस गोलांत तेवीस चेहरे, त्यातले निम्मे गॉगल लावलेले. उरलेल्या एका गोलात आडवी पडलेली अर्धी हनुवटी, कानाची पाळी आणि चौकटीच्या शर्टाचा खांदा. खाली नाव मात्र ठळक आणि बिनचूक. त्यानं वर्गणी इतरांइतकीच दिली होती, त्यामुळं त्याच्या रागाला हिशोबाचाही आधार होता.

तो खांदा तिथं पोचायला सहा महिने लागले. चूक आमची, म्हणजे दुकानाची साइट करणाऱ्यांची होती आणि ती कोडच्या एका ओळीची होती. पण त्या ओळीपर्यंतचा रस्ता सांगण्यासारखा आहे. वेबसाइटमध्ये फोटो एडिट करायची सोय बसवणं म्हणजे एखादी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड, आणून जोडणं, असं मलाही आधी वाटत होतं.

दुकान आणि त्याचं दुखणं

डिजिटल बोर्ड म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको. वाढदिवस, निवड, गणपती, जयंती, शाहू स्टेडियमवर जिंकलेला सामना, काहीही झालं की दुसऱ्या दिवशी चौकात बोर्ड. रचना ठरलेली असते. मध्ये ज्याच्यासाठी बोर्ड त्याचा मोठा फोटो, वर महापुरुष, आणि खाली शुभेच्छुकांची पट्टी. दुकानाच्या दृष्टीनं सगळ्यात जास्त वेळ ही पट्टी खाते. मोठा फोटो एकच असतो आणि तो बहुधा स्टुडिओतून काढून आणलेला असतो. शुभेच्छुक मात्र चोवीस, आणि त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात. कुणी लग्नातला ग्रुप फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, "डावीकडनं तिसरा मी". कुणी गाडीवर बसलेला. कुणी आधीच्या बोर्डाचाच फोटो काढून पाठवतो.

ऑपरेटर हे सगळे एकेक करून फोटोशॉपमध्ये उघडणार, डोकं आणि खांदे एवढंच ठेवून क्रॉप करणार, चेहरा काळवंडला असेल तर उजळवणार आणि कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या गोलात बसवणार. मध्येच फोन येतो, "तो फोटो नको, दुसरा टाकलाय बघ."

दुकानाची वेबसाइट आम्ही आदल्या वर्षी केली होती. मी आणि आणखी दोघं, राजारामपुरीत एका जिन्यावरच्या खोलीत. साइट जँगोवर, म्हणजे पायथन भाषेतल्या वेबसाइट बांधायच्या सांगाड्यावर आहे. बोर्डाचं माप निवडायचं, डिझाइनचा साचा निवडायचा, फोटो टाकायचे, पैसे भरायचे. पट्टीसाठी आम्ही एक लिंक दिली होती. मंडळाचा कार्यकर्ता ती ग्रुपवर टाकतो आणि ज्यानं त्यानं आपला फोटो आणि नाव भरायचं. निम्मं काम त्यानंच हलकं झालं. पण फोटो यायचे ते तसेच, कच्चे. तेव्हा मालक म्हणाले, "साइटवरच फोटोशॉप बसव की. ज्याचं थोबाड त्यानंच नीट करावं."

ऑपरेटरच्या खुर्चीमागं

होकार द्यायच्या आधी मी दोन दुपारी ऑपरेटरच्या मागं स्टूल टाकून बसलो. या सगळ्या प्रकरणात मी केलेलं सगळ्यात शहाणं काम हेच असावं. त्याच्याकडं फोटोशॉपमधली शेकडो हत्यारं असतात, पण पट्टीसाठी त्याचा हात चारच ठिकाणी जात होता. क्रॉप, थोडा कल काढून सरळ करणं, उजेड वाढवणं, आणि कधी कधी मागचा भाग कापून काढणं. यातली पहिली तीन कामं कुणालाही जमण्यासारखी होती. चौथं नाही. केसांच्या कडा, कानातली बाळी, फेट्याचा तुरा, हे अंगठ्यानं मोबाईलवर होत नाही. मोठ्या फोटोचं कटिंग ऑपरेटरकडंच राहील, असं मी मालकांना सांगितलं. ते नाराज झाले. "मग अर्धंच फोटोशॉप?" अर्ध्यापेक्षाही कमी, पण हे मी बोललो नाही.

मग पर्याय बघितले. क्रॉपर जेएस फक्त क्रॉप, फिरवणं आणि झूम एवढंच करतं, हलकं आहे आणि कुठल्याही फ्रेमवर्कशिवाय चालतं. फॅब्रिक जेएस आणि कोन्वा या कॅनव्हासवर, म्हणजे वेबपानातल्या चित्र काढायच्या पाटीवर, वस्तू मांडायच्या लायब्ऱ्या. त्यांच्यावर एडिटर उभा करता येतो, पण तो आपणच उभा करायचा. टोस्ट यूआय इमेज एडिटर हा फॅब्रिकवरच उभारलेला, बटणांसकट तयार. तो वापरणार असाल तर एक गोष्ट त्याच्या माहितीपत्रकात वाचून घ्या. वापराची आकडेवारी म्हणून तुमच्या साइटचं होस्टनेम गूगल ॲनालिटिक्सला कळवलं जातं. एक सेटिंग बंद केलं की थांबतं, पण बंद आपण करायचं असतं. शिवाय पिंटुरासारखे विकत घ्यायचे एडिटर आहेत. ते काम करतात, पण दरसालचा खर्च मालकांच्या गळी उतरवणं हे वेगळंच प्रकरण झालं असतं.

आणि ऑपरेटरच्या मागं दोन दुपारी बसूनही आम्ही तयार, सगळं काही असलेला एडिटर घेतला. कारण सरळ होतं. तो एका दुपारी बसला, मालकांना तो फोटोशॉपसारखा दिसला, आणि गणपती तोंडावर होते.

बटणांची नावं मराठीत करताना एक गंमत झाली. क्रॉपला आमच्यातल्या धाकट्यानं "कापा" लिहिलं. साहेबांचा फोटो, आणि त्याखाली मोठं लाल बटण, "कापा". मालकांनी ते बघितलं आणि हात जोडले. काउंटरवर सगळे "क्रॉप"च म्हणतात, तेच ठेवलं.

गणपतीतला पहिला हप्ता

पहिल्या आठवड्यात तीन तक्रारी आल्या. वरवर वेगळ्या दिसणाऱ्या, पण मुळात एकच रोग असलेल्या.

पहिली अशी की नव्या आयफोनवर फोटो टाकला की पांढरी चौकट दिसते. चूक दाखवणारा संदेश नाही, काही नाही, नुसतं पांढरं. आयफोनच्या सफारीत एका कॅनव्हासच्या क्षेत्रफळाला बराच काळ एक मर्यादा राहिली आहे, १,६७,७७,२१६ पिक्सेल, म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६. जुन्या आयफोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो, ४०३२ बाय ३०२४, त्यात मावतो. आयफोन १५ पासून कॅमेरा मुळातच २४ मेगापिक्सेलचे फोटो काढतो, ५७१२ बाय ४२८४. ते मावत नाहीत, आणि सफारी गुपचूप रिकामा कॅनव्हास दाखवतो.

अँड्रॉइडवर दुसरंच. तिथं मर्यादा सैल, पण रॅम तोकडी. फोटोची फाइल ४ एमबीची दिसते म्हणून आपण निर्धास्त असतो. कॅनव्हासवर उघडताना मात्र दर पिक्सेलला चार बाइट लागतात. ५० मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे २०० एमबी. एडिटर मागं जाण्यासाठी, म्हणजे अनडूसाठी, दोन-तीन प्रती धरून ठेवतो. दहा-बारा हजाराच्या मोबाईलवर ब्राउझर ते पान मारून टाकतो आणि नव्यानं उघडतो. वापरणाऱ्याला वाटतं, आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं.

दोन्हीवर आम्ही एकच औषध काढलं. फोटो एडिटरमध्ये जायच्या आधीच १२०० पिक्सेलवर आणायचा. पांढरी चौकट गेली, पान मरायचं थांबलं. आम्ही चहा प्यायला गेलो.

तिसरी तक्रार त्या चहातूनच उगवली. एका बोर्डावरचा मोठा फोटो धुरकट छापला गेला, जणू पाण्याखालून काढलेला. हिशोब केल्यावर मीच कपाळाला हात लावला. फोटोची जागा पाच फूट रुंद, म्हणजे ६० इंच. १२०० पिक्सेल भागिले ६० म्हणजे इंचाला २० पिक्सेल. लांबून बघायच्या बोर्डाला इंचाला ७२ पिक्सेल असावेत असा आमच्या ऑपरेटरचा ठोकताळा आहे. मूळ फोटो आडवा, ४०३२ रुंदीचा होता. तो जसाच्या तसा वापरला असता तर ६७ मिळाले असते, म्हणजे चाललं असतं. ग्राहकानं चांगला फोटो दिला होता आणि तो आम्ही खराब केला होता.

शिवाय एडिटर आपलं चित्र पीएनजी करून, बेस-६४ मजकूर म्हणून फॉर्मसोबत पाठवत होता. पीएनजी फोटोला आधीच जड, त्यात बेस-६४ नं वजन आणखी एक तृतीयांश वाढतं. जँगो फाइल सोडून बाकीच्या मजकुराला मुळात अडीच एमबीची हद्द ठेवतो, तर जँगोच्या पुढं उभा असलेला वेब सर्व्हर इंजिनएक्स अख्ख्या विनंतीला एक एमबीची. आम्ही दोन्ही हद्दी वाढवत बसलो. आता मागं वळून बघताना कळतं, हद्दी अडवत होत्या तेव्हाच त्या आपल्याला काहीतरी सांगत होत्या.

मधला दीड दिवस एका वेगळ्याच कोड्यात गेला. पहिल्यांदा एडिट केलेला फोटो सेव्ह व्हायचा, पण तोच फोटो ऑर्डरमधून पुन्हा उघडला की सेव्ह करताना सुरक्षेची चूक यायची. कधी यायची, कधी नाही. फोटो वेगळ्या डोमेनवरच्या स्टोरेजमध्ये होते. परक्या डोमेनवरचं चित्र परवानगीशिवाय कॅनव्हासवर आलं की कॅनव्हास "बाटतो" आणि ब्राउझर त्यातून काही बाहेर काढू देत नाही. स्टोरेजवर परवानगी लावली, चित्राच्या टॅगवर परवानगी मागणारं क्रॉसओरिजिन लावलं, तरी अधूनमधून तेच. शेवटी सापडलं. ऑर्डरच्या यादीत तोच फोटो साध्या टॅगनं आधी दिसायचा, ब्राउझर त्याची परवानगीचे हेडर नसलेली प्रत कॅशमध्ये, म्हणजे स्वतःच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवायचा आणि एडिटरला तीच शिळी प्रत वाढायचा. ज्यांनी यादी न बघता थेट लिंक उघडली, त्यांना अडचण नव्हती. म्हणून "कधी येते, कधी नाही".

कृती ठेवायची, पदार्थ नको

गणपती कसेबसे उरकले. दिवाळीनंतर आम्ही तिघं बसलो आणि सगळं पुन्हा मांडलं. तोपर्यंत मूळ चूक दिसायला लागली होती. छपाईला जाणारं चित्र आम्ही ग्राहकाच्या मोबाईलमध्ये तयार करत होतो. ते सगळ्यात अशक्त यंत्र होतं, आणि त्याच्यावर आमचा काहीच ताबा नव्हता.

नवी रचना अशी. मूळ फोटो आधी सर्व्हरवर चढतो, फाइल म्हणून, त्याला कुणी हात लावत नाही. सर्व्हर त्याची १६०० पिक्सेलची एक छोटी प्रत करतो आणि ग्राहक ती बघून काम करतो. त्यानं काय केलं एवढंच परत येतं. क्रॉपची चौकट कुठून कुठपर्यंत, कल किती अंश, उजेड किती, कॉन्ट्रास्ट किती. जेसनच्या, म्हणजे साध्या मजकुरातल्या नोंदीच्या, चार ओळी. चौकट पिक्सेलमध्ये न ठेवता शून्य ते एक अशा प्रमाणात ठेवली, म्हणजे छोट्या प्रतीवर आखलेली चौकट मोठ्या फोटोवर तशीच बसते. मग सर्व्हर, पायथनमधल्या पिलो लायब्ररीनं, मूळ फोटोवर तीच कृती करतो आणि ऑपरेटरच्या फोल्डरमध्ये पूर्ण आकाराचं चित्र टाकतो.

पदार्थ घरोघरी करून मागवायचा नाही, कृती मागवायची आणि स्वयंपाक आपल्या चुलीवर करायचा. धाकट्यानं विचारलं होतं, पट्टीतला गोल सहा इंचाचा, त्याला पाचशे पिक्सेलसुद्धा पुरतात, मग निदान ते तरी ब्राउझरमध्येच का नको? मुद्दा बरोबर होता. पण मग दोन रस्ते झाले असते, आणि प्रत्येक बिघाडात आधी तो कुठल्या रस्त्यावरचा ते शोधावं लागलं असतं. एकच रस्ता ठेवला.

तयार एडिटर काढून टाकला, क्रॉपर जेएस आणलं, वर दोन सरकपट्ट्या जोडल्या. स्टिकर गेले, पेन गेलं, फिल्टर गेले. मालकांनी नवा पडदा बघून विचारलं, "फोटोशॉप कुठं गेलं?" मी म्हटलं, "जागेवरच आहे, ऑपरेटरच्या कॉम्प्युटरवर." प्रत्येक साच्यातल्या जागेचं प्रमाण आधीच माहीत असल्यामुळं चौकटही बांधलेली. गोलाला गोल, उभ्याला उभी. काहीही कसंही कापायची मुभा नाही. ही मुभा काढल्याबद्दल आजवर एकाही ग्राहकानं तक्रार केलेली नाही.

रिझोल्यूशनचा हिशोबही आता सर्व्हरला करता येत होता, कारण साच्यातली जागा किती इंच आणि क्रॉपमध्ये मूळ फोटोचे किती पिक्सेल उरले, हे दोन्ही त्याच्याकडं होतं. आधी आम्ही इशारा लिहिला होता, "रिझोल्यूशन कमी आहे." लोक तो बघून पुढं जायचे. ऑपरेटर म्हणाला, असं लिहून कुणाला कळतंय? मग त्याच्याच शब्दांत लिहिलं, "चेहरा धुरकट छापेल. व्हॉट्सॲपवरनं आलेला नको, मोबाईलमधला मूळ फोटो टाका." यानंतर मात्र लोक परत जाऊन दुसरा फोटो आणायला लागले. व्हॉट्सॲप साध्या फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास आणून ठेवतं. गोलासाठी ते भरपूर, पाच फुटांच्या जागेला इंचाला पंचवीस-तीस.

आता खांदा.

एक ओळ

मोबाईल उभा धरून काढलेला फोटो फाइलमध्ये बहुधा उभा नसतोच. कॅमेऱ्याचा सेन्सर आडवा असतो. तो आडवंच चित्र लिहितो आणि सोबत एक्झिफ नावाच्या माहितीत एक आकडा ठेवतो, १ ते ८ यांपैकी. ६ म्हणजे "दाखवताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ९० अंश फिरव". पूर्वी ब्राउझर हा आकडा पाळायचे नाहीत आणि वेबवर फोटो आडवे पडायचे. २०२० मध्ये क्रोम ८१ आला तेव्हापासून क्रोमही तो आपोआप पाळतो. म्हणजे ब्राउझरमध्ये सगळं सरळ दिसतं.

पिलो तो आकडा स्वतःहून पाळत नाही. फाइलमध्ये जसे पिक्सेल, तसे उघडतो. सरळ हवं असेल तर एक्झिफ ट्रान्सपोज नावाचं फंक्शन आपण हाक मारून बोलवायचं.

आता आमच्या साइटवर काय घडत होतं ते जुळवून बघा. छोटी प्रत सर्व्हरच करायचा, पण ती करताना एक्झिफ तसंच पुढं पाठवायचा, कारण "माहिती हरवू नये" अशी आमची सद्भावना. ग्राहकाच्या ब्राउझरनं तो आकडा वाचला, फोटो उभा करून दाखवला. पोरानं नीट आपल्या तोंडाभोवती चौकट आखली. ती प्रमाणं परत आली आणि पिलोनं ती आडव्या, न फिरवलेल्या पिक्सेलवर लावली. उभ्या फोटोत जिथं चेहरा होता, त्याच प्रमाणाच्या जागी आडव्या चित्रात हनुवटीचा कोपरा आणि खांदा होता. तोही नव्वद अंशात कलंडलेला.

चोवीसपैकी एकच का? इथं मला जरा लाज वाटते. तेवीस जणांनी फोटो व्हॉट्सॲपवरून उतरवून घेतलेले टाकले होते. व्हॉट्सॲप फोटो नव्यानं लिहिताना पिक्सेलच सरळ करतं आणि एक्झिफ काढून टाकतं. आमची सगळी चाचणीही आम्ही एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोंवरच केली होती. म्हणजे जो पोरगा आमचा इशारा वाचून, शहाण्यासारखा मोबाईलमधला मूळ फोटो घेऊन आला, फक्त त्याचाच खांदा छापला गेला. हे मी त्याला तिथं सांगितलं नाही.

आणि ऑपरेटरच्या नजरेतून कसं सुटलं? त्यानं ते बघितलंच नव्हतं. पट्टी आता आपोआप भरली जायची, याचंच आम्ही कौतुक केलं होतं. रात्री दोनला तो फक्त मेन फोटो आणि तारीख तपासून मशीनवर सोडत होता. आमच्या सोयीनं त्याचे डोळे त्या पट्टीवरून उचलले होते.

दुरुस्ती एका ओळीची होती. फोटो चढला की पहिलं काम पिक्सेल सरळ करायचं, मग छोटी प्रत, मग बाकी सगळं. मूळ फाइल अर्थात तशीच ठेवायची. दुसरी दुरुस्ती कोडच्या बाहेरची होती. मोबाईल चारही बाजूंनी धरून, सेल्फी आणि साधा दोन्ही, थेट कॅमेऱ्यातून काढलेल्या फोटोंचं एक फोल्डर केलं. काही बदललं की आधी ते चालवायचं. बोर्ड पुन्हा छापला, खर्च आम्ही उचलला.

उरलेली छोटी दुखणी

कॉन्ट्रास्टनं थोडं छळलं. ग्राहक बघतो ते ब्राउझरचं सीएसएस (पानाच्या सजावटीची भाषा) फिल्टर, छापतो ते पिलोचं. उजेडाचं गणित दोन्हींत सारखंच, नुसता गुणाकार. कॉन्ट्रास्टचं नाही. सीएसएस मधल्या करड्या रंगाभोवती ताणतं, तर पिलो त्या फोटोच्याच सरासरी उजेडाभोवती. काळोख्या फोटोत फरक डोळ्यांना दिसतो. आम्ही पिलोचं तयार फंक्शन सोडून सीएसएसचं सूत्र हातानं लिहिलं. तेव्हाच कृतीत आवृत्तीचा आकडा घातला, नाहीतर जुन्या ऑर्डरी पुन्हा काढल्या की वेगळ्या दिसल्या असत्या.

आयफोनच्या हाइक (एचईआयसी) प्रकारच्या फोटोफाइली क्रोममध्ये उघडत नाहीत. छोटी प्रत सर्व्हरच करत असल्यामुळं पिलोला एक जोड लावली आणि प्रश्न मिटला. जुन्या रचनेत यासाठी ब्राउझरमध्ये कितीतरी खटपट करावी लागली असती.

भगवा रंग हे कायमचं भांडण आहे. मोबाईलच्या पडद्यावरचा झळझळीत भगवा शाईत तसा उतरत नाही. पडदा प्रकाशाचे तीन रंग मिसळतो, मशीन चार शाया. ब्राउझरचा कॅनव्हास या शायांच्या भाषेत बोलतच नाही. आम्ही यात पडलो नाही. रंग मशीनच्या सॉफ्टवेअरनं आणि ऑपरेटरच्या नजरेनं ठरवायचे.

नावांचं मात्र वाचण्यासारखं आहे. पहिल्या एडिटरमध्ये नाव फोटोवरच लिहायची सोय होती. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की लायब्ररी ओळ एकसंध न काढता तुकडे करून एकेक काढायची, आणि मराठीत तुकडे केले की काना-मात्रा घर सोडून जातात. नव्या रचनेत नाव वेगळ्या रकान्यात, साध्या युनिकोडमध्ये घेतलं आणि ऑपरेटरला दिलं. तो अजून श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत, काम करतो, त्याच्याकडं रूपांतर करायचं साधन आहे. पण ग्राहकाला दाखवायच्या नमुन्यावर तरी नाव हवंच. ते पिलोनं काढायचं ठरवलं. माझ्या लॅपटॉपवर झकास आलं, सर्व्हरवर "शिवाजी"तली पहिली वेलांटी "श"च्या पुढं जाऊन "वा"च्या आधी बसली. कारण असं की मराठीसारखी लिपी जुळवायला पिलोला राक्म नावाचा जोडीदार लागतो, आणि तयार पॅकेजमधल्या राक्मला चालताना फ्रिबिडी ही लायब्ररी यंत्रावर सापडावी लागते. सापडली नाही तर तक्रार न करता तो साध्या पद्धतीनं अक्षरं एकापुढं एक ठेवतो. सर्व्हरवर आम्ही जाणूनबुजून लागतील तेवढीच पॅकेजं ठेवलेली, त्यांत फ्रिबिडी नव्हती. एक पॅकेज टाकलं. आता साइट सुरू होताना राक्म आहे का ते तपासते, नसेल तर सुरूच होत नाही.

आणि खांद्यानंतर एक गोष्ट वाढवली. तिला कोडमध्ये फारशी किंमत नाही, पण दुकानात आहे. बोर्ड मशीनवर जायच्या आधी प्रत्येक शुभेच्छुकाला त्याच्या गोलाचा नमुना लिंकवर दिसतो, आणि तो सर्व्हरनं मूळ फोटोवरून केलेला असतो, ब्राउझरनं दाखवलेला नव्हे. ऑपरेटरच्या पडद्यावर अख्खी पट्टी एका ओळीत येते. तेवढी ओळ बघितल्याशिवाय छपाईचं बटण उजळत नाही. मालकांना हे आधी वेळखाऊ वाटलं. ऑपरेटरनंच सांगितलं, राहू दे.

एक प्रश्न मात्र अजून लोंबकळत आहे. लोकांचे चेहरे कायमचे साठवून ठेवणं बरं नाही आणि मूळ फोटो जागाही खातात, म्हणून काही आठवड्यांनी ते पुसायचे असं आम्ही ठरवलं. कृती मात्र राहते, ती चार ओळींची. त्या शिवजयंतीनंतर काही महिन्यांनी, गणपतीच्या तोंडावर, तोच पोरगा काउंटरवर आला. शर्ट वेगळा होता. मालकांना म्हणाला, "तो मागं नंतर छापलेला चांगला आला होता, तोच घ्या." मालकांनी मला फोन लावला. मी बघितलं. चौकट कुठून कुठपर्यंत, कल किती, उजेड किती, सगळं होतं. फोटो नव्हता.

"नाही?" मालक म्हणाले आणि फोन कानाला तसाच धरून त्याला सांगितलं, "उभा राहा तिथं भिंतीपाशी. आणि मोबाईल उभाच धर रे, परत लफडं नको."